अर्धी बाटली आणि माझं रडकं तोंड

मर्सेदेस, मंगळवार, जेवणानंतर

आदरणीय दाजी,

तुमचा मेहुणा मिल्तन याचा नमस्कार. मी रागावलेला आहे, तरी हा नमस्कार कोपरापासूनचा नाही, मनापासूनचा आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मोंतेविदेओचं समुद्रावरचं वारं सोसतं का? भाची ग्रासिएला अजून तुम्हाला मिठाशिवायचं जेवण घालते का? तुम्ही काहीच कळवत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं मीच ठरवून टाकलं आहे. मीही उत्तम आहे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तुम्हाला तसं वाटायचं नाही.

आता रागाचं कारण. तुम्ही मार्चमध्ये गेलात, त्याला सात महिने झाले. सात महिन्यांत तुमचा एक शब्द नाही. आणि परवा सकाळी फोन वाजला, नाव तुमचं, मी ओल्या हातांनी धावलो, तर काय? माझंच तोंड! डोळे मिटलेले, नाक फुगलेलं, गालावर पाणी, आणि खाली ‘संपली रे संपली!’ असं लिहिलेलं. दाजी, चौतीस वर्षं मी टपालाच्या खिडकीवर बसलो. पत्ता चुकलेली पत्रं पाहिली, फाटकी पाहिली, पण माणसाला त्याचंच तोंड परत पाठवल्याचं कधी पाहिलं नाही. ते स्टिकर तुमच्या समुद्रापर्यंत पोहोचलंच आहे, तर ते कुठून निघालं हेही तुम्हाला कळलं पाहिजे.

सुरुवात तुमच्यापासून आहे. तुम्ही घर विकलंत, आणि त्याच्याबरोबर शेडमधला बिअरच्या रिकाम्या बाटल्यांचा क्रेटही नव्या मालकाला देऊन टाकलात (न विचारता. असो). माझ्याकडे उरली एक बाटली. शुक्रवारी ती नेली, भरलेली आणली, दोन ग्लास मांडले (हात सवयीचा आहे), सिनेमा लावला. पण लिटरची बाटली ही एकट्या माणसासाठी केलेली वस्तूच नाही. अर्धी होईपर्यंत ती कोमट झाली. मी बाटलीच्या तोंडात चमचा खोचून ती फ्रिजमध्ये उभी केली. चमच्याने फेस टिकतो हे तुमचंच शास्त्र. टिकत नाही, दाजी. चाळीस वर्षं टिकत होता, कारण आपण कधी अर्धी उरवलीच नव्हती.

पुढच्या शुक्रवारी घोडं अडलं. बाटली रिकामी नाही, म्हणजे नवी मिळणार नाही. बिअरचे दोन डबे आणून टेबलावर ठेवले, तर औषध पीत बसल्यासारखं वाटलं. मोरीत ओतायची तर तेवढा मी अजून नीच झालेलो नाही. शेवटी अर्धी बाटली चमच्यासकट घेऊन झुल्माच्या दुकानात गेलो.

“हे काय?” झुल्मा म्हणाली.

“बाटली. बदलून दे.”

“ही भरलेली आहे, मिल्तन.”

“अर्धी.”

“अर्धीला रिकामी म्हणायला मी काय आंधळी झालेय? माझ्या बाबांपासूनचा नियम आहे, रिकामी दे नि भरलेली घे. पिववत नसेल तर प्यायला माणूस आण!”

मागे मटणासाठी उभ्या असलेल्या चार जणी हसल्या. मला मात्र ते पटलं. घरी येऊन मी इंटरनेटवरच्या आपल्या गावाच्या गटात जाहिरात टाकली: ‘दर शुक्रवारी अर्धा लिटर थंड बिअर आणि एक सिनेमा यासाठी सोबती पाहिजे. सभ्य असावा. गोष्ट आधी सांगू नये.’

इंटरनेटबद्दलचं माझं मत तुम्हाला ठाऊक आहे, ते आता आणखी वाईट झालं आहे. अकरा जणांनी खाली ‘आमेन’ लिहिलं. का? मी काय प्रार्थना लिहिली होती? एकाने विचारलं, फ्रिजही विकायचा आहे का. एका बाईने हरवलेल्या मांजराचा फोटो लावला, त्यावर दोघे फुटबॉलवरून भांडले, आणि संध्याकाळपर्यंत कोणी मेयरचा राजीनामाही मागितला. मांजर सापडलं, हे मान्य केलं पाहिजे. तिथेच मला गालिचे धुण्याचे व्हिडिओ सापडले. कुठल्याशा देशात एक माणूस चिखलाने काळा झालेला गालिचा घेतो आणि तो धुतो. बस. बोलत नाही, हसत नाही. चाळीस मिनिटांनी खालून लाल फुलं निघतात. चाळीस लाख लोकांनी ते पाहिलं आहे. मी आधी हसलो, मग रोज बघू लागलो (माझ्याकडे गालिचा नाही). घरात कोणीतरी काम करत असल्यासारखं वाटतं.

जाहिरातीला खरंच आलेला माणूस एकच, विल्मार. पूर्वी मधमाश्या पाळायचा तो, कानाला केस असलेला. पहिल्याच शुक्रवारी काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात माते चहाचा पेला घेऊन दारात हजर. मी ग्लास भरला तर म्हणाला, “मी नाही घेत. डॉक्टरने पाच वर्षांपूर्वी बंद केली.” मी म्हटलं, “अरे बाबा, मग जाहिरात वाचून आलास कशाला?” तर म्हणाला, “त्यात सोबती असं लिहिलं होतं की!” म्हणजे बाटली पुन्हा अर्धीच. वर दीड तास राणीमाशीचं आख्यान. भीक नको पण कुत्रा आवर अशी गत. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. नको म्हणायला मला जमलं नाही, कारण बेल वाजली की बरं वाटतं.

आणि मग तो सिनेमा. नौका क्लबच्या हॉलमध्ये पडदा लावतात तिथे मी विल्मारला घेऊन गेलो. गाड्यांच्या मालिकेचा नववा की दहावा भाग. टकला नायक पुलावरून गाडीसकट पडतो, शर्टाला सुरकुती नाही. हेलिकॉप्टरला दोर बांधून ओढतो. आधीच्या भागात मेलेला मित्र जिवंत होतो आणि कोणी विचारतही नाही, बाबा रे, होतास कुठे? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “मिल्तन, ह्या गाडीत पेट्रोल कोण भरतं?” पहिल्या भागापासून तुम्ही हेच विचारत आला आहात आणि मी दर वेळी हसलो आहे. असो. त्याच हेलिकॉप्टरच्या धामधुमीत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खारे शेंगदाणे खाल्लेला हात डोळ्याला लागला होता. मीठ, दाजी. दुसरं काही नाही.

विल्मारला नातीने नवा फोन दिला होता. त्याने माझा फोटो काढला (“किती मन लावून बघत होतास, म्हणून काढला” असं नंतर म्हणाला), नातीला पाठवला, नातीने त्याचं स्टिकर केलं. दोन दिवसांत सगळं गाव माझं तोंड एकमेकांना पाठवू लागलं. वीज गेली, माझं तोंड. मॅच हरली, माझं तोंड. झुल्माकडची बिअर संपली की ती गिऱ्हाइकांना पाठवते तेही माझंच तोंड. पाराग्वेत कोणी त्यावर ‘सोमवार’ असं लिहिलं आहे म्हणे. रस्त्यात पोरी माझ्याकडे बघून खुदखुदतात. सगळे ओळखतात, पण येऊन बसत कोणी नाही. आणि मग ते फिरत फिरत तुमच्याकडे आलं, आणि तुम्ही पाहिलंत, हसलात आणि मलाच पाठवलंत. विचारलं मात्र नाहीत, की मिल्तन, रडलास का?

तर इकडे सगळं मजेत आहे, काळजी नसावी. ग्रासिएलाला आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
मिल्तन

ता. क. शेंगदाण्याचं खोटं आहे. त्या दिवशी शेंगदाणे संपले होते. नायक हेलिकॉप्टर ओढत होता तेव्हा मी पेट्रोलचं ऐकायला उजवीकडे वळलो, आणि तिथे विल्मार बसला होता. थर्मास मांडीत, तोंड उघडं, अगदी मन लावून बघत. त्याचा काही दोष नाही. पण मला आवरलं नाही.

आणखी एक. नेलिदा गेली तेव्हा मी तिचा भाऊ होतो, तरी लोक तुमच्याकडे बसायला आले. ते योग्यच होतं. मीही आलोच की! पण तिच्यामागून सात महिन्यांपूर्वी तुम्हीही गेलात, आणि दाजी गाव सोडून गेले म्हणून कोणी कोणाकडे बसायला येत नाही. तशी रीत नाही. रीत असती तर बरं झालं असतं.

आणि शेवटचं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. येत्या शुक्रवारी या. एकच रात्र राहा. विल्मारला सांगितलं आहे, तो डावीकडे बसेल. उत्तर म्हणून पुन्हा माझं तोंड पाठवू नका. येणार असाल तर कळवायची गरज नाही, चारच्या गाडीला मी स्टँडवर असेन. येणार नसाल तर मात्र आधी मुळीच कळवू नका. निदान हा एक शुक्रवार तरी मला वाट बघण्यात घालवता येईल.