एकट्याचा सूर

प्रिय ज्ञानू,

फोन केला की तू हसून विषय उडवतोस, म्हणून भोरहून हे लिहितोय. रागानं नाही, आधीच सांगतो. मागं एका वरातीत बँडच्या पोरांसमोर मी तुला बोललो, "ज्ञानू, गाल फुगवायचे पैसे देत न्हाई मी." पोरं हसली, तूही हसलास. म्हणालास, "मास्तर, एवढ्या गलक्यात माझाच सूर बरा सापडतो तुमाला."

सापडतोच. टेम्पोवर क्लीनर होतो तेव्हा इंजिनात काय बिघडलंय ते कानानंच ओळखायचो. आता बँड माझा आहे, पण कान तेच. अठरा जण वाजवतात तेव्हा आवाज कधीच अठरा जणांचा नसतो. कामचोर कुणी नाही रे. शेजारी फुंकतोय म्हटलं की आपला दम आपोआप मागं राहतो, आणि लोक वाहवा करतात ती बँडची, एकट्याची नाही. म्हणून तर मी मध्येच हात वर करून सगळ्यांना थांबवतो आणि एकालाच वाजवायला लावतो. आपला सुस्त अमृतसुद्धा एकटा पडला की ट्रम्पेटनं कौलं हलवतो.

परवा किकवीच्या वरातीत मी तुझ्याकडं बोट केलं. म्हटलं, आता दाखवील. पहिली ओळ आली, तीही अर्धी. मग बोटं चालत होती, गाल फुगलेले होते, आणि क्लॅरिनेटमधून काहीच येत नव्हतं. अमृतनं ट्रम्पेट लावून वेळ निभावली. वरातीला कळलं नाही, मला कळलं. घोळक्यात अंग चोरणारा एकटा पडला की त्याचा आवाज वाढतो. तुझा वाढला नाही. म्हणजे तू अंग चोरतच नव्हतास.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. एकेकाला विचारलं. तुझा खोकला सगळ्यांनी ऐकलेला. भोंगवलीत घरचा चढ चढताना तू मध्येच बसतोस, हेही माहीत. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी विचारील. तुझ्या घरी रत्नावहिनींना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "एवढी माणसं असत्यात संगं, बघत असतील की." आणि एवढ्या माणसांत ज्याच्या कानाचं कौतुक होतं, तो मी तुला गाल फुगवतोस म्हणून हिणवत होतो.

म्हणून हे काम मी बँडवर सोपवत नाही. बुधवारी सकाळी मी एकटाच टेम्पो घेऊन तुझ्या दारात येतोय. पुण्यात छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. क्लॅरिनेट घरीच ठेव. डॉक्टर मोठा श्वास घ्यायला सांगतील, तेव्हा तेवढं हसून उडवू नकोस. मी शेजारीच उभा असेन, ऐकत.

तुझाच,
मन्सूर