सिगारेटआधीची ओळ

३ फेब्रुवारी
सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमनी वही घ्यायला लावली. "पेटवायच्या आधी मनात काय होतं, एक ओळ लिहायची. मग ओढा." सोडा म्हणाल्या नाहीत, त्याचंच नवल. मी गेलेलो खोकल्यासाठी. नेवाशाच्या बँडात बावीस वर्षं क्लॅरिनेट वाजवतोय. आता लांब सूर धरला की पोटातून निघतो आणि छातीत कुठंतरी हरवतो.
आज अकरा सिगारेटी. ओळी तीनच. तिन्ही एकच: सवय.

५ फेब्रु.
सकाळी: राग. शेजाऱ्यानं दारात गाडी आडवी लावली.
दुपारी नदीच्या पुलावर नुसता बसलो होतो. पाणी इतकं निवांत, की आभाळ खाली आणि आपण मधेच कुठंतरी. लिहायला पेन काढलं तर डोळे भरून आले. काही झालेलं नव्हतं. ओढली. धूर पाण्याकडे गेला न् विरघळला.
बायको म्हणाली, "अहो, काय लिहिताय सारखं?" म्हटलं, सूर उतरवतोय.

१० फेब्रु.
मॅडमनी वही वाचली. "दमलो की ओढतो म्हणाला होतात तुम्ही. इथं तर दमलो एकदाच आहे. बाकी सगळं उदास." मग त्यांनीच विचारलं, "कशाचं उदास?"
वही उचलून घरी आलो.

१३ फेब्रु.
चारवर आलो. कमी केली की स्वप्नं पडतात म्हणे. पडतात. पहाटे आई दिसली. उसाच्या पाटात पाय सोडून बसलेली, पातळ गुडघ्यापर्यंत वर. मी वाजवतोय पण आवाजच नाही, क्लॅरिनेटमधून नुसतं पाणी येतंय, संथ, कोमट. आई म्हणते, "वाजव की रं, ऐकू येतंय मला."
उठलो तर उजाडलं होतं. बराच वेळ घर ओळखीचंच वाटेना.

१४ फेब्रु.
लिहून टाकतो. दोन वर्षं झाली. नगरच्या दवाखान्यात आईचा श्वास घरघरत होता. खाटेशी मी आणि अक्का. अक्का माझी थोरली बहीण, देवळालीला दिलेली. मला ते बघवेना. म्हणालो, "चहा घेऊन येतो." खाली आलो, लिंबाखाली उभं राहून एक पेटवली. संपली तशी दुसरी. ऊन मऊ होतं, पानं हळूहळू पडत होती, मला तिथंच राहावंसं वाटत होतं. वर गेलो तर अक्का चादर धरून उभी. "गेली."
मी म्हणालो, चहाला गर्दी होती.
तोवर दिवसाला तीन-चार असायच्या. पुढं मोजल्या नाहीत. दुखलं की ओढतो. ओढली की तो लिंब समोर. मग पुन्हा दुखतं.

१८ फेब्रु.
पाठवणीची धून. मुलगी आईच्या गळ्यात पडली आणि नेमका सूर तुटला. ट्रम्पेटवाल्यानं सावरून घेतलं. 
मंडपामागं जाऊन लिहिलं: लाज. काडी हातात घेऊन तसाच बसलो. लाज चढत गेली, कानापर्यंत. आणि मग आपोआप थोडी उतरली, तापासारखी. ती आपली आपण उतरते हे ठाऊकच नव्हतं.
तरी पेटवलीच. पण उशिरा.

२२ फेब्रु.
देवळालीला गेलो. अक्का अंगणात तुरी पाखडत होती. म्हटलं, "अक्का, त्या दिशी मी चहाला गेलो नव्हतो."
सूप थांबलं नाही. "ठाव हाय. हाताला वास येत हुता तुझ्या."
"मग बोलली का न्हाईस?"
"काय बोलू? मला एकटीला टाकून गेलास. मी बी भ्याले हुते, बापू. म्या कुटं जायचं हुतं?"
मला वाटलं होतं डोक्यावरून हात फिरवील. आत गेली, बाहेर आली नाही. दाजींनी स्टँडवर सोडलं.
बसच्या काचेतून ऊस, ऊस, ऊस. झोपेत चालल्यासारखं. घरी येईपर्यंत एकही ओढली नाही. आठवणसुद्धा झाली नाही.

२३ फेब्रु.
अक्काचा फोन. मवाळ बोलली. "जेवलास का? खोकला कसा हाय?"
फोन ठेवला आणि लागोपाठ दोन. ओळ लिहायला जमली नाही. या वाटण्याला काय नाव द्यायचं? रागावली तेव्हा सोसलं, माया केली ते सोसेना.

२ मार्च
अक्का न सांगता आली. सकाळच्या एस.टी.नं. ओट्यावर बसली, पाणी प्यायली, म्हणाली, "त्या धा मिंटात काय झालं, आई काय बोलली, म्या आजून कुनाला सांगितलं न्हाई. तुझ्या दाजींला बी न्हाई. तू इचारशील म्हनून वाट बघत हुते."
माझा हात खिशात गेला. माझं मलाच कळलं नाही. तिनं पाहिलं.
"जायचं आसंल तर जाऊन ये. मी थांबते."
दारातलं ऊन पांढरं, लांब, त्यात एक फुलपाखरू वर-खाली. उठावंसं फार वाटलं. फार.
म्हटलं, "न्हाई. सांग."
ती सांगायला लागली. मी ऐकत होतो. ते इथं लिहिणार नाही.
चार वाजता तिला बसमध्ये बसवून आलो. पाकीट अजून खिशातच आहे. आत चार आहेत, सकाळी होत्या तेवढ्याच.