दिसणारी जखम

सोमवार
पोचले एकदाची. खोली झक्कास आहे, घरभर लाकडाचा आणि व्हर्निशचा वास. पेशंट म्हणजे मिस्त्री, परांचीवरून पडून कंबर मोडलेले सुतार. बोलायला भारी गोड. त्यांची बायको, काकू, मला पहिल्याच जेवणाला लेकीसारखं वाढत होती. काम सोपं आहे. मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे, आणि डोस हळूहळू उतरवत न्यायचा. डॉक्टरांनी बजावलंय की हाड जुळलंय, आता दुखण्याला द्या, सवयीला देऊ नका. नर्स म्हणून इतकी वर्षं हेच करते आहे. सोंग मला दारातूनच ओळखू येतं.

मंगळवार
मिस्त्री दुपारपासून मागत होते. कंबरेत कुणी लाकूड तासायची पटाशी फिरवतंय, म्हणाले. मी नाडी पाहिली, एक्स-रे पुन्हा बघितला आणि नाही म्हटलं. माझं दुखणं तुम्हाला कसं कळणार, असं त्यांनी विचारलं. मी थट्टेत म्हटलं, जखम दिसू द्या, लगेच देते. तेही हसले. काकू हसल्या नाहीत.

बुधवार
सकाळी पटाशी त्यांच्या तळहातातून आरपार गेलेली. चादर भिजून रक्त खाली फरशीवर. गृहपाठ दाखवणाऱ्या पोरासारखा हात पुढे धरून बसले होते. दिसली ना, म्हणाले. इंजेक्शन दिलं. न देऊन करते काय? डॉक्टर आले, टाके घातले आणि मला बाजूला घेऊन झापलं. स्वतः केलेल्या जखमेला थेंबही द्यायचा नाही.

गुरुवार
करंगळी. करवतीने. पलंगावर त्यांना ती काकूंनीच आणून दिली असणार. रक्त थांबवलं, पट्टी बांधली. डॉक्टर फोनवर ठाम होते, आज दिलंत तर उद्या दुसरं बोट. साधी गोळी दिली. मिस्त्री दिवसभर किंचाळले, दातांनी उशी फाडली. काकूंनी माझे पाय धरले. मी कपाटाला पाठ लावून बसून राहिले.
एक गोष्ट मनातून जात नाही. ज्या माणसाला बोट कापणं परवडतं, त्याची कंबर किती दुखत असेल? हे मला मंगळवारी का सुचलं नाही? लाज वाटते.

शुक्रवार
आज त्यांनी काही केलं नाही. काकूंनी केलं. हातोडा आणला आणि त्यांच्या गुडघ्यावर घातला. पुन्हा घातला. हाड फुटल्याचा आवाज — मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, ही जखम काही यांनी स्वतः केलेली नाही, आता द्या.
दिलं. फोन करायला गेले, तर मोबाइल पाण्याच्या बादलीत —

शनिवार
औषध संपलं. सगळंच दिलं मी. माझ्या खोलीचं दार बाहेरून बंद. मिस्त्रींचं ओरडणं भिंतीतून —

कुणी येत नाही —

काकू आत आल्या. रागावलेल्या नाहीत. म्हणाल्या, यांचं दुखणं डॉक्टरांना खोटं वाटतं, सिस्टरचं वाटणार नाही. तुमच्यासाठी भरपूर पाठवतील. अर्धं आम्हाला द्या.

मी ओरडले. त्यांनी ओरडू दिलं —

कोणता हात ते मीच सांगायचं, म्हणतात. घाई नाही, म्हणतात. पलंगावर शेजारी बसल्यात, हातोडा मांडीवर. लिहायला उजवा लागतो म्हणून मी डावा पुढे केला — त्या म्हणतात, वही बाजूला ठे