लॉयलच्या पुंगळ्या आता कोण तपासणार

मी, अर्डिस हॉगन, वय एकोणऐंशी, राहणार ल्युइसटाउन, मोंटाना, हे माझ्या हाताने व माझ्या मर्जीने लिहीत आहे. यकृताने दगा दिला असला तरी डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने मला पत्त्यांच्या एका डावात हरवून दाखवावे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी सुनेवर रागावलेली असताना लिहिले होते.

१. घर व मागची जमीन माझे पती लॉयल यांच्याकडे ते हयात असेपर्यंत राहील, नंतर मुलगा नील याला जाईल. नीलने कुंपण दुरुस्त करावे. सहा वर्षे मी "पुढच्या सुट्टीत नक्की" एवढेच ऐकते आहे.

२. बँकेतली शिल्लक लॉयलची. त्यातून नवा ट्रक घेऊ नये.

३. काडतुसे भरण्याचे टेबल, दाबयंत्र व तराजू लॉयलकडेच राहील. वकीलबाई शहरातल्या, म्हणून खुलासा करते. एल्क हरणाच्या शिकारीसाठी आम्ही नव्या रिकाम्या पितळी पुंगळ्या आणतो आणि ठिणगीची टोपी, बंदुकीची दारू व गोळी घरीच बसवतो. त्याआधी प्रत्येक पुंगळी तपासावी लागते. एखादीच्या मानेला केसाएवढी चीर असते, एखादी मापापेक्षा लांब असते. अशी उडवली तर कधी तरी जळता वायू मागे फिरून थेट डोळ्यांवर येतो.

४. आता कबुली. नऊ वर्षांपूर्वी लॉयलचा उजवा डोळा अधू झाला. तेव्हापासून तो नव्या पुंगळ्या पाहून "सगळ्या चोख आहेत" म्हणत डबा बंद करतो, आणि गुरुवारी तो कॉफीला गेला की मी तो डबा उघडून पन्नासच्या पन्नास पुंगळ्या पुन्हा पाहते. भिंगातून चिरा, कॅलिपरने लांबी, विजेरीने तळाचे भोक. खराब निघेल तिच्या जागी माझ्या डब्यातली चांगली ठेवते. माझा डबा पिठाच्या पिंपात असतो. त्या पिंपाकडे लॉयल कधी वळलेला नाही.

५. लॉयलचा कॉफीचा सोबती डेल पर्विस याला मी कॉफीचा एक डबा देत आहे. त्यात मी बाजूला काढलेल्या एकेचाळीस कोऱ्या, खराब पुंगळ्या आहेत. हा डेल कॉफीच्या दुकानात सगळ्यांसमोर मला म्हणाला होता, "वहिनी, नवी पुंगळी तपासणं म्हणजे बाजारातून आणलेली अंडी उबवून बघणं." डबा त्याच दुकानात, त्याच्याच टेबलावर, गर्दी असताना रिकामा करावा.

६. माझी भिंगे, विजेरी, कॅलिपर आणि ओव्हनमधली सगळी भांडी सून रॉक्झॅन हिला. लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला तिने ॲपल पायसाठी विकतची पारी आणली, त्याचा राग मी एकवीस वर्षे धरला. तो आज सोडते. कारण सांगते.

जूनपासून औषधांमुळे माझा हात थरथरतो, नजरही ठरत नाही. मी कोणाला बोलले नाही. गेल्या गुरुवारी डबा तपासून मी जरा आडवी झाले. उठून स्वयंपाकघरात आले, तर रस्त्यापलीकडून आलेली रॉक्झॅन माझे भिंग घेऊन बसलेली.

"काय चाललंय गं?"

"काही नाही आई, टेबल पुसत होते."

"भिंगानं?"

तिच्यापुढे तीन पुंगळ्या वेगळ्या ठेवलेल्या होत्या. तिन्हींच्या मानेला चिरा होत्या, आणि तिन्ही मी चोख म्हणून सोडल्या होत्या.

"किती दिवस करतेयस हे?"

"जूनपासून. भिंग धरताना तुमची नजर ठरत नाही, हे दिसलं. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही."

मी रागावले नाही. मला रडू आले, आणि मग आम्ही दोघींनी मिळून उरलेल्या पुंगळ्या पाहिल्या.

७. लॉयल, हे कलम तुझ्यासाठी. वकीलबाईंनी ते मोठ्याने वाचावे आणि तू कानातले यंत्र लावून ऐकावे. मी हे चोरून केले, कारण तुला दिसत नाही हे तुझ्या तोंडावर म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही. ती माझी चूक. मला तू धडधाकट, दोन्ही डोळ्यांनिशी हवा होतास, आणि मी नसतानाही तसाच हवा आहेस. नवा डबा आणलास की रस्ता ओलांडून रॉक्झॅनकडे जा. तुझ्या तोंडाने म्हण, "मला दिसत नाही, तू बघ." तिला चोरून बघायला लावू नकोस.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून सही केली आहे. हात थरथरला आहे, पण सही माझीच आहे.

अर्डिस हॉगन

ही सही आमच्यासमोर झाली:
१. मेव्हिस ल्युंड, शेजारीण
२. कॉर्लिस एकर्ट, वकील

ठिकाण: ल्युइसटाउन, मोंटाना
दिनांक: १४ ऑगस्ट २०१९