छतावरचं तळं

४ मे
'पडलिंग' या इंग्रजी शब्दावर लेख लिहितोय. जुन्या काळी भट्टीत लोखंडाचा रस लांब सळईनं ढवळायचे, आतला कार्बन जळून घट्ट गोळा होईपर्यंत. बांधकामात ओली चिकणमाती पायानं तुडवायची, इतकी की पाणी झिरपणंच बंद. आणि साध्या इंग्रजीत पडल म्हणजे डबकं. पहिल्या दोन्हींत माणूस घाम गाळतो. तिसरं आपोआप साचतं. पुढे सुचत नाही.
पप्पा आनंदनगरला फाउंड्रीत, भट्टीवर. म्हणाले, ढवळतो, मळी काढतो, नाव-बिव माहीत नाही. पण ओलं भंगार आत गेलं की उडतं सगळं.

६ मे
गच्चीवर नवीन कोबा झाला. बरोबर आमच्या हॉलच्या वर. मिस्त्रीनं कडेनं सिमेंटची पाळ घालून पाणी भरलंय. आठवडाभर ठेवायचं, खाली ओल आली नाही तर काम पास. चार बोटं पुरे, म्हणाला. पप्पांनीच सोसायटीत भांडून हे काम लावून घेतलं. खूश आहेत.

७ मे
हॉलच्या छताला, पंख्याजवळ, केसाएवढी चीर. आधी होती का? आईला आठवत नाही. जुन्या फोटोत नीट दिसत नाही. बिल्डिंग तर माझ्याहून म्हातारी.

९ मे
वर जाऊन आलो. पाणी घोट्याच्या वर. उन्हानं आटतं म्हणून नळ आला की जो तो पाइप सोडतोय. खालचे लालवानी काका म्हणाले, "बेटा, मैंने तो थोडा ही डाला. तेरे पप्पाने भी डाला ना."
सगळ्यांनी थोडंच.
चिरेत आता नख जातं. आईला म्हटलं, आतल्या खोलीत झोप. म्हणे, "पंखा इथेच आहे. तू जा, लिही तुझं."

१० मे
मिस्त्री गावी. फोन बंद. पप्पा म्हणाले, "पाळ फोडलीस तर टेस्ट फेल. बिल्डिंगमध्ये तोंड कसं दाखवू?" भट्टीपाशी थेंबाला घाबरणारा माणूस, डोक्यावर एवढं पाणी घेऊन निवांत जेवतोय.
पप्पा ड्युटीवर गेल्यावर छिन्नी घेऊन वर गेलो. फोडली. पाणी धो धो निचऱ्याच्या पाइपात.

११ मे
बाहेरून आलो तर गच्चीवर पाइप चालू. पाळ परत बांधलेली, ओली. पप्पा घरात हात धूत होते, नखांत सिमेंट. माझ्याकडे न बघता म्हणाले, "या वेळी जास्त होऊ देत नाही. मी स्वतः बघतो."
आई हॉलमध्ये मेथी निवडतेय. ती उठावी म्हणून पंखा बंद केला तर ओरडली. परत लावला.
तिच्या शेजारी बसलोय. वर पाणी पडतंय, ऐकू येतंय.