डेकवरचा चहा

४ डिसेंबर

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझ्या भावोजींच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी क्रिलच्या तेलाच्या गोळ्या दिल्यात. गोळी गिळताना रोज तुझी आठवण काढतात. म्हणतात, दक्षिणेच्या समुद्रातले देवमासे कमी झाले, तर ती कोळंबीसारखी इवलीशी क्रिल आपल्याला जास्त उरेल. त्यांचा हिशेब बरोबर का गं?

एक सांगते, राग मानू नकोस. निरीक्षकाची ही तिसरी नोकरी. कायम होईपर्यंत त्या मासेमारी जहाजावर कुणाशी वाद घालू नकोस. मोजे वाळलेले घालतेस ना?

काळजी करणारी,
ताई

२ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न.

भावोजींना म्हणावं, हिशेब उलटा आहे. देवमासे क्रिल खातात आणि त्यांची विष्ठा पाण्याला खत होते. त्या खतावर बारीक शेवाळ वाढतं, शेवाळावर क्रिल. देवमासे गेले की क्रिलही रोडावते, मग पेंग्विन आणि सीलही उपाशी.

वाद मी घातलाच नाही. परवा क्रिलचा मोठा थवा लागला, पाणी गुलाबी झालं होतं. त्यात देवमाशांची एक आई पिल्लाला घेऊन चरत होती. अशा वेळी माझ्या होकाराशिवाय जाळं सोडता येत नाही. पण मी डेकवर नसले, तर कप्तान ठरवणार. कप्तान फार गोड बोलले. म्हणाले, थंडी आहे, खाली जाऊन चहा घ्या.

मी चहा वर मागवला. कपात बर्फ धरला तरी हलले नाही. मायलेकरं पोटभर जेवून गेली, थवा पांगला, जाळं कोरडंच राहिलं.

आता पुरवठ्याच्या जहाजातून मला परत पाठवताहेत. रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
हट्टी

१९ जानेवारी

चि. हट्टीस, अ. उ. आ.

आधी रागावलेच. मग आठवलं, शाळेत तपासनीस यायचे होते, तेव्हा तू भलते प्रश्न विचारशील म्हणून वर्गाच्या बाईंनी तुला पाणी प्यायला बाहेर धाडलं होतं. तू भरला पेला घेऊन वर्गात आलीस आणि पहिल्या बाकावर बसून घोटघोट प्यायलीस. पुढे सगळी शाळा मला तुझी ताई म्हणूनच ओळखायची. ते मला आवडायचं, हे कधी बोलले नाही.

भावोजींनी गोळ्या बंद केल्या. जिना चढताना कण्हतात, पण मधल्या पायरीवर शेजाऱ्यांना अडवून देवमाशांच्या शेणावर व्याख्यान देतात.

ये. खोली झाडून ठेवली आहे. पण पाय पसरू नकोस, दुसरं जहाज शोध. तुझ्यासाठी मोठा थर्मास आणला आहे. यापुढे चहा गार होऊ द्यायचा नाही, आणि खाली तर जायचंच नाही.

तुझीच,
ताई