मऊ जेवण

३ जून
आलो बाई एकदाचे या शुश्रूषागृहात! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं. परवडेल अशा भाड्यात खोली, मजल्यावर नर्स, न्हाणीघरात धरायला दांडे, खाटेशी घंटी आणि दोन्ही वेळचं जेवण दारात. मेंदूज्वरानंतर धाकट्या भावाला चावता येत नाही. घरी चमचा दिसला की तोंड फिरवायचा. इथली पहिलीच वाटी त्याने चाटूनपुसून संपवली. मला रडूच आलं. इथल्या व्यवस्थापक बाईंना सगळे ताई म्हणतात. त्या म्हणाल्या, तुम्ही आता खुशाल पाय पसरा, त्याच्या पोटाचं आमच्यावर सोपवा.

९ जून
भावाचे गाल भरलेत. आज त्याच्या वाटीतला घास चाखला. कोमट, गुळमट, बुळबुळीत. मिक्सरमधलं जेवण अशी तार धरत नाही. जिभेला काहीतरी टोचलं. थुंकलं तर दाताचा तुकडा. माझे दात चाचपले, सगळे शाबूत. ताईंना दाखवला, त्यांनी तो खिशात टाकला.

१२ जून
सकाळी सरळ स्वयंपाकघरात शिरले. तळमजल्यावर राहणाऱ्या धडधाकट म्हाताऱ्या बाकावर ओळीने बसलेल्या. घास चावायच्या आणि पातेल्यात थुंकायच्या. हनुवटीवरून लाळेच्या तारा लोंबत होत्या. ताई शांतपणे म्हणाल्या, इथे ज्याला जे जमतं ते त्याने दुसऱ्यासाठी करायचं, म्हणून तर भाडं कमी. यंत्राच्या घासाला माया नसते हो. मी तिथल्याच मोरीत भडाभडा ओकले.

१५ जून
ती वाटी बंद केली. स्वतः बटाटा उकडला, कुस्करला, गाळला. थुंकतो. विनवण्या करून दातांच्या कण्या झाल्या. डोळे खोल गेलेत त्याचे. दुसरीकडे कुणी ठेवून घेत नाही. असाच मरेल.

१७ जून
चावून दिलं. मीच. दार लावून, डोळे मिटून. स्वतःचीच किळस येते — पण गिळलं त्याने. गिळलं!

१८ जून
आता वाटी नको म्हणतो. माझ्या तोंडात बोटं घालतो. घास संपला तरी चाचपत राहतो — हिरड्या, गालाची आतली बाजू — मऊ काय आहे ते —

१९ जून
बोलता येत नाही. जिभेचा शेंडा —
त्याला चावता येत नाही म्हणे. येतं.
घंटी वाजवली. ताई आल्या. त्याचं तोंड पुसलं. म्हणाल्या, किती दिवसांनी पोटभर जेवला. जाताना दाराला बाहेरून कडी —
उठलाय. हसतोय. मी दात आवळून बसलेय, पण त्याची बोटं ओठांत —